आधी वरचा नट सोडव, पोरी!

भंडारदऱ्याचा प्लॅन ठरला की तुम्ही काय काय बघता? पाऊस आहे का, रंधा धबधबा सुरू झालाय का, टेंटचं बुकिंग, पॉवर बँक, प्लेलिस्ट. फारच शहाणा ग्रुप असेल तर टायरमधली हवा. आता खरं सांगा, गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं आणि ते बदलायचं असतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

मलाही नव्हतं. मास कॉमच्या तीन वर्षांत कॅमेऱ्याची लेन्स कशी पुसायची ते शिकले, पण ज्या गाडीच्या जिवावर माझी फी भरली गेली, तिच्या पोटात काय चाललंय हे कधी विचारलं नाही. ती गाडी म्हणजे माझ्या मामाची पिकअप. मामाचं गाव शेंडीपासून जवळच. पावसाळ्यानंतर भाताची पोती, हिवाळ्यात कांदा-टोमॅटो आणि मेअखेरीस काजव्यांचा सीझन लागला की टेंट, गाद्या, पाण्याचे जार. शेंडीहून घाटघर, साम्रद, रतनवाडी असा जलाशयाभोवतीचा रस्ता त्या गाडीने किती वेळा घातला असेल, याची मोजदाद नाही. सेकंडहँड घेतली तेव्हा मीटर ६४,००० होतं, आता १,१२,०००. हप्ते अजून चालू आहेत.

दुसरा गिअर पडेना

मे महिन्यातली गोष्ट. सुट्टीत मामाकडे गेले होते. काजव्यांच्या सीझनला जेमतेम दोन आठवडे उरलेले, आणि पिकअप कुरकुर करायला लागली. चढावर पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला गेलं की खर्रर्र आवाज. मामा दांडा दाबून धरायचा, मग कधीतरी गिअर पडायचा. शिवाय मागच्या बाजूने एक बारीक घूंऽऽ आवाज सतत सोबतीला.

मामाचा चेहरा उतरला होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं, ‘गिअरबॉक्स उतरवावा लागणार.’ गिअरबॉक्स उतरवायचा म्हणजे गाडी काही दिवस गॅरेजला पडून, खर्च हजारांमध्ये आणि सीझन दुसऱ्याच्या गाडीला. त्या तीन-चार आठवड्यांत जे भाडं मिळतं, त्यावर पावसाळ्याचे हप्ते निघतात. माझ्या शेवटच्या सेमिस्टरची फीही त्यातूनच निघाली होती. त्यामुळे मामी गप्प होती आणि मलाही जेवण गोड लागेना.

शेवटी आम्ही राजूरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी चालवून बघितली, खाली उतरले आणि एकच प्रश्न विचारला.

‘गिअर ऑइल कवा बदललंय?’

मामा माझ्याकडे बघायला लागला, जणू मी सांगणार आहे. मग म्हणाला, ‘इंजिनचं बदलतो की वेळच्या वेळी.’

‘इंजिनचं नाय इचारलं. गिअरचं.’

घेतल्यापासून, म्हणजे ४८,००० किलोमीटर, कोणी हातच लावला नव्हता. त्याआधीचं कोण जाणे.

एसटीत चढण्याचं गणित

मिस्त्रीकाकांनी मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण इंजिनीअरिंगला नसाल तरी हे डोक्यात बसेल. गिअर बदलताना वेगवेगळ्या वेगाने फिरणारी दोन चाकं एकमेकांत अडकवायची असतात. चालू एसटीत कोणी उडी मारली तर काय होईल? पडेल. म्हणून आपण आधी एसटीबरोबर पळतो, वेग जुळला की दांडा धरतो. गिअरबॉक्समध्ये हे ‘पळायचं’ काम एक पितळी कडी करते. तिला सिंक्रोनायझर रिंग म्हणतात. ती आधी घासून वेग जुळवते, मग गिअर पडतो.

आता या सगळ्याला वंगण कोण देतं? खाली साचलेलं दोन-अडीच लिटर तेल. चाकं त्यात बुडून फिरतात आणि तेल सगळीकडे उडवतात. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणात अकरा टीएमसी पाणी मावतं, त्यावर खालचा सगळा प्रवरेचा पट्टा जगतो. तसं ते दोन लिटर तेल, त्यावर मामाचं घर. तेल जुनं झालं की त्यातली रसायनं संपतात, धातूचा बारीक चुरा त्यात फिरत राहतो आणि पितळी कडी नीट पकडत नाही. मग खर्रर्र.

तेलाचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. बारावीच्या केमिस्ट्रीत वाचलंय ना, तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो? तेल खराब होणं म्हणजे ऑक्सिडेशन, म्हणजे तीच क्रिया. भरलेली गाडी घेऊन पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घाट चढणाऱ्या पिकअपचं तेल आणि सपाट हायवेवर टॉपमध्ये पळणाऱ्या गाडीचं तेल एकाच वयाचं नसतं. म्हणून गाडीच्या पुस्तकात नेहमीच्या वापराचा आकडा वेगळा आणि ओझं, घाट, धूळ, पाणी यातल्या वापराचा वेगळा, असं बऱ्याचदा छापलेलं असतं. आपण तो दुसरा रकाना वाचतच नाही.

चहाच्या रंगाचं तेल

‘पोरी, पत्रकार हायेस ना? मग ये खाली, बघ,’ असं काका म्हणाले आणि मी कॉटनच्या कुर्त्यासकट पिकअपखाली गेले. त्याआधी त्यांनी तीन गोष्टी केल्या. गाडी थोडी फिरवून आणली, कारण कोमट तेल पातळ होऊन गाळासकट निघतं. मग गाडी अगदी सपाट जागेवर लावली. आणि चाकांना दगडाची उटी लावली. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली ते कधीच जात नाहीत, आणि तुम्हीही जाऊ नका. जॅक गाडी उचलायला असतो, तोलून धरायला नाही. त्यासाठी स्टँड किंवा रॅम्प लागतो.

मग मी हातात पाना घेऊन खालचा, म्हणजे तेल काढायचा नट सोडवायला गेले, तर काका ओरडले, ‘आधी वरचा नट सोडव, पोरी!’

गिअरबॉक्सला दोन नट असतात. एक तळाला, तेल काढायचा. एक बाजूला थोडा वर, तेल भरायचा. समजा आधी खालचा उघडला, तेल सगळं सांडलं आणि मग कळलं की वरचा नट गंजून बसलाय, निघतच नाही. आता? तेल भरायला जागा नाही, गाडी हलवायची सोय नाही. जागच्या जागी अडकलात. म्हणून आधी भरायची वाट मोकळी करायची, मग रिकामं करायचं. (हा नियम मी परीक्षा, नोकरी आणि ब्रेकअप या तिन्हींसाठी वहीत लिहून ठेवलाय.)

गिअरबॉक्सचं तेल निघालं ते काळं, पातळ आणि घाण वासाचं. तळाच्या नटाला चुंबक असतं. त्यावर राखाडी लेप बसलेला होता. काकांनी तो बोटावर घेऊन चोळला. ‘असा लोण्यासारखा असंल तर घाबरायचं नाय, ती रोजची झीज. पण टोचणारे तुकडे आले, तर समजायचं आत दात तुटलाय.’ तुकडे नव्हते. मामाने पहिल्यांदा श्वास सोडला.

खरा धक्का मागच्या डिफरन्शियलने दिला. तिथून निघालेलं तेल चक्क दुधाच्या चहासारखं होतं. म्हणजे त्यात पाणी! मागच्या पावसाळ्यात मामाने ओढ्याचं पाणी चढलेलं असताना फरशीवरून गाडी काढली होती. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, त्यामुळे तिकडे हे काही अप्रूप नाही. पण होतं काय, चालून तापलेलं डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. हवा खेळायला वर एक छोटी नळी असते, ब्रीदर. तिच्यातून किंवा झिजलेल्या सीलमधून आत पाणी ओढलं जातं. मागचा तो घूंऽऽ आवाज तिथून येत होता.

म्हणजे तुम्ही रील करता ना, पाण्यातून गाडी उडवत नेतानाचं स्लो मोशन? त्याचं बिल असं नंतर येतं.

कुठलंही तेल चालत नाही

मामा दुकानातून तेल घेऊन आला. काकांनी कॅन फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं आणि गिअरबॉक्ससाठीचा कॅन परत केला. कारण त्यावर जीएल-५ लिहिलेलं होतं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हे डिफरन्शियलला उत्तम, कारण तिथे दातांवर प्रचंड दाब येतो आणि त्यासाठी या तेलात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. पण तीच रसायनं पितळी कडीला त्रास देऊ शकतात. म्हणून अशा गिअरबॉक्सला जीएल-४. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असं इथे नसतं. तुमच्या गाडीला काय लागतं ते तिच्या पुस्तकात छापलेलं असतं, दुकानदाराच्या तोंडात नाही.

तेल किती भरायचं? भरायच्या छिद्राच्या खालच्या काठापर्यंत. बाहेर ओघळायला लागलं की थांबायचं. गाडी तिरकी असेल तर हे माप चुकतं, म्हणून सपाट जागा. नटाखालचे वॉशर नवे टाकले. त्याच दिवशी एअर फिल्टर बदलला आणि डिझेल फिल्टरच्या तळातलं पाणी काढून टाकलं. सगळं मिळून खर्च दोन हजारांच्या आसपास. गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं असतं तर याच्या कितीतरी पट गेले असते.

आणि तुमची ऑटोमॅटिक?

आता तुम्ही म्हणाल, पिकअपचं ठीक आहे, आमच्या पप्पांची गाडी ऑटोमॅटिक आहे, तिला क्लचच नाही. थांबा, मूळ मुद्दा इथेच आहे.

पहिलं म्हणजे, तुमची ‘ऑटोमॅटिक’ नक्की कुठली ते बघा. २०१४मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे एएमटी आली आणि स्वस्त गाड्यांतही क्लचचं पेडल गायब झालं. पण एएमटी म्हणजे आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला तुमच्या हातापायाऐवजी यंत्र. काकांच्या भाषेत, ‘पाय बदललाय, गाडी तीच.’ त्यामुळे रविवारी भंडारदऱ्याच्या चढावर ट्रॅफिकमध्ये ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, की जळका वास येतो तो क्लचचा.

खरी टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक वेगळी. पिकअपमध्ये ती आपल्याकडे इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स अशा महागड्या गाड्यांत मिळते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचं पातंही फिरायला लागेल. वाऱ्याच्या जागी तेल घाला, झाला टॉर्क कन्व्हर्टर. इथे तेल नुसतं वंगण नाही, इंजिनची ताकद चाकांकडे नेणारंही तेच. आतले क्लच दाबणारंही तेच, गिअर कधी बदलायचा त्याचे दाब पोचवणारंही तेच आणि सगळं थंड ठेवणारंही तेच. मॅन्युअलचं तेल खराब झालं तर गिअर कुरकुरतो. ऑटोमॅटिकचं खराब झालं तर गाडी झटके देते, गिअर घसरतो आणि शेवटी जागची हलत नाही.

या तेलाची गोष्ट पण भारी आहे. ओल्ड्समोबिल या अमेरिकन कंपनीने १९४०च्या मॉडेलमध्ये हायड्रा-मॅटिक नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला. पुढे अशा गिअरबॉक्सच्या तेलात चक्क स्पर्म व्हेल माशाचं तेल मिसळलं जायचं, कारण ते उष्णतेत टिकायचं आणि क्लच गुळगुळीत बसवायचं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत व्हेलला कायद्याचं संरक्षण मिळालं आणि केमिस्ट मंडळींना पर्याय शोधावा लागला. आज हे तेल बहुतेक वेळा लाल रंगाचं असतं. लाल रंग नुसता ओळखीसाठी, इंजिन ऑइलमध्ये घोळ होऊ नये म्हणून. तपकिरी झालं तर लक्ष द्यायचं, काळं पडून जळका वास आला तर उशीर झालाय.

आणि फिल्टर? मॅन्युअल गिअरबॉक्सला तो नसतो. टॉर्क कन्व्हर्टरवाल्या ऑटोमॅटिकला बहुधा तळाच्या ट्रेमध्ये असतो. तेल काढायचं, ट्रे उतरवायचा, त्यातली चुंबकं पुसायची, फिल्टर आणि पॅकिंग नवं टाकायचं, ट्रेचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळायचे. काही गाड्यांत ट्रे आणि फिल्टर एकजीव असतात, तिथे अख्खा ट्रेच बदलतात. भरल्यावर इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि पी, आर, एन, डी असा दांडा सावकाश फिरवायचा, म्हणजे तेल सगळीकडे जातं. मग कंपनीने सांगितलेल्या ठरावीक तापमानाला पातळी बघायची. कमी पडलं तर पंप हवा ओढतो, जास्त झालं तर तेलाचा फेस होतो. दोन्ही वाईट. म्हणूनच हे काम यूट्यूब बघून पार्किंगमध्ये करायचं नाही.

आणखी एक, एकदा तेल काढलं म्हणजे सगळं निघत नाही. अर्ध्याहून जास्त तेल कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत राहतं. म्हणून काही मिस्त्री थोडे दिवस चालवून पुन्हा एकदा काढून भरतात.

‘पण शोरूमवाले म्हणतात लाइफटाइम ऑइल आहे, बदलायचं नसतं,’ असं तुमचे पप्पा सांगतील. त्यांना विचारा, लाइफटाइम कुणाचा? झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरच्या नामांकित गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. ती स्वतः सांगते की तेल ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा जास्तीत जास्त आठ वर्षांत बदला. बनवणाराच बदला म्हणतोय, मग आपण का अडून बसायचं?

काढलेलं तेल कुठे गेलं?

माझा शेवटचा प्रश्न हाच होता. गाडीतून निघालेलं ते चार-पाच लिटर काळं तेल कुठे टाकणार? बऱ्याच ठिकाणी ते गॅरेजमागच्या नाल्यात जातं. इथला नाला म्हणजे ओढा, ओढा म्हणजे प्रवरा, आणि भोवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. एक लिटर तेल दहा लाख लिटर पाणी खराब करू शकतं, हे प्रमाण अमेरिकेची पर्यावरण संस्था देते. आपल्या कायद्यातही वापरलेलं तेल ‘घातक कचरा’ या यादीत आहे आणि एप्रिल २०२४पासून ते परत गोळा करून शुद्ध करण्याची जबाबदारी तेल कंपन्यांवरही टाकली आहे. काकांकडे एक मोठा ड्रम होता, तो भरला की नोंदणी असलेला माणूस येऊन घेऊन जातो. तुम्ही सर्व्हिसिंगला गाडी द्याल तेव्हा एवढं एक विचारा, ‘जुनं तेल कुठे जातं?’ चार गिऱ्हाइकांनी विचारलं तरी फरक पडतो.

मग पिकअपचं काय झालं?

संध्याकाळी मामाने रिकामी गाडी रंध्याच्या बाजूला काढली. पहिला, दुसरा... गिअर पडला. आवाज न करता. मामा काही बोलला नाही, फक्त परत पहिल्यात टाकून पुन्हा दुसरा टाकून बघितला. असं चार वेळा.

मागचा घूंऽऽ मात्र पूर्ण गेला नाही, कमी झाला. पाण्याने बेअरिंगला जे करायचं ते करून ठेवलंय. काकांनी स्पष्टच सांगितलं, ‘तेलानं झीज भरून येत नाय. सीझन काढंल ती. पन पंधरा दिवसांनी मागचं तेल परत काढू, उरलंसुरलं पानी निघंल. आन् दिवाळीनंतर बेअरिंग टाकायचं, इसरायचं नाय.’ म्हणजे खर्च टळला नाही, पुढे गेला. पण हातात पैसा नसतानाचा खर्च आणि भाडं मिळाल्यानंतरचा खर्च यातला फरक हप्ते भरणाऱ्या घराला विचारा.

काजव्यांचा सीझन पिकअपने काढला. मागचं तेल ठरल्याप्रमाणे पुन्हा बदललं, या वेळी ते तेलासारखंच दिसत होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या बाजूला मामाने मार्करने लिहून ठेवलंय, ‘गिअर तेल १,१२,०००’. खाली मी माझ्या अक्षरात जोडलंय, ‘बेअरिंग : दिवाळी’.

निघण्याआधी एवढं बघा

- तुमची गाडी मॅन्युअल, एएमटी, सीव्हीटी, डीसीटी की टॉर्क कन्व्हर्टर? प्रकारानुसार तेल बदलतं, कुठलंही तेल कुठल्याही गाडीत चालत नाही.
- शेवटचं गिअर ऑइल कधी बदललं? घरात कोणालाच माहीत नसेल, तर पुढच्या सर्व्हिसिंगला विचारायचा पहिला प्रश्न हाच.
- घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय नको. ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर धरून ठेवायची सोय असते, ती वापरा.
- चढावर थांबायचं तर ब्रेक किंवा हँडब्रेक. अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलू नका.
- ऑटोमॅटिक बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. इंजिन बंद असलं की आतला तेलाचा पंपही बंद असतो. सपाट ट्रकवर चढवून न्या.
- चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर आठवड्याच्या आत डिफरन्शियलचं तेल तपासून घ्या.
- आणि स्वतः पाना हातात घेणार असाल, तर आधी वरचा नट!